आवाज कुठवर येतो

गिटार मांडीवर घ्या. घाई नाही.

पंखा बंद करा. केबल गिटारला लावा. ॲम्पचा व्हॉल्यूम अगदी खाली आणा, मग ॲम्प चालू करा आणि व्हॉल्यूम हळूच थोडा वर घ्या.

सहावी तार, सगळ्यात जाड, अंगठ्याने एकदा छेडा.

लाकडातून आवाज येतो. छातीला लागतो. स्पीकर गप्प आहे.

या गप्पपणापाशी थोडं थांबा. स्क्रू-ड्रायव्हर अजून खालीच राहू द्या.

श्वास घ्या. सोडा.

पुन्हा छेडा. तार विरेपर्यंत ऐका.

तारेपासून स्पीकरपर्यंत एक वाट आहे. आवाज त्या वाटेवर कुठेतरी अडला आहे. तो कुठवर येतो, एवढंच आज पाहायचं.

शेवटच्या टोकापासून सुरुवात करू. केबल गिटारमधून काढा. मोकळ्या प्लगच्या टोकाला बोट लावा.

हंऽऽ.

ऐकू येतं? जाड, खोल गुणगुण. ही घरातल्या विजेची गुणगुण आहे, सेकंदाला 50 कंपनं. सहाव्या तारेची साधारण 82 असतात. म्हणजे ही तिच्याहूनही खोल. भिंतीतल्या वायरींजवळ बसलेलं तुमचं शरीर ती उचलतं आणि बोटातून पुढे देतं.

बोट काढा. गप्प. बोट लावा. हंऽऽ.

केबल चांगली आहे. ॲम्प चांगला आहे. इथून पुढची वाट मोकळी आहे.

आता वाटेचं दुसरं टोक. ब्रिजवरच्या सॅडलला बोट टेकवा. हलकेच.

तार छेडा. बोटाला कंप लागतो.

सॅडलच्या खाली एक बारीक पट्टी दडलेली आहे, पिएझो पिकअपची. क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला की त्याच्यावर विद्युतभार येतो, हे पिअर आणि जाक क्युरी या दोघा भावांनी 1880 साली पॅरिसमध्ये दाखवलं. तेच आत्ता तुमच्या बोटाखाली घडतं आहे. तार थरथरते, सॅडल दाबली जाते, पट्टीत एवढीशी वीज उमटते.

ही वीज फार नाजूक. थेट ॲम्पमध्ये सोडली तर आवाज पातळ होतो, खर्ज निघून जातो. म्हणून गिटारच्या कडेला प्रीॲम्प बसवलेला असतो. तो तिच्यावर भार टाकत नाही. आहे तशी घेतो, बळ देतो, पुढे पाठवतो.

बोट तिथेच असू द्या. आणखी एकदा छेडा.

बॅटरी पाहून घ्या. चौकोनी, 9 व्होल्टची. पत्र्यांवर पांढरं-हिरवं काही साचलंय का, बघा. मीटर लावा. नवी असेल तर आकडा 9 च्या थोडा वर दिसतो. 7 च्या खाली गेला असेल तर नवी बॅटरी घाला आणि वाजवून बघा. पुष्कळदा दुखणं एवढ्यावरच बरं होतं.

या गिटारची बॅटरी ठीक आहे. पुढे चला.

केबल परत घाला. प्रीॲम्पवरचा ट्यूनर लावा. सहावी तार छेडा.

छोट्या पडद्यावर ‘ई’ उमटतो.

पाहत राहा. तार विरते तसा तो पुसट होतो, जातो. पुन्हा छेडा. पुन्हा येतो.

ट्यूनरला तार ऐकू येते आहे. म्हणजे पट्टी जागी आहे. बॅटरीची वीज पोचते आहे. आवाज इथवर आला आहे.

मला या क्षणाचं फार अप्रूप वाटतं. इथे पोचायच्या आधीच कितीतरी चांगले प्रीॲम्प उपटून टाकले जातात, त्याची हळहळ वाटते.

राहिलं बाहेरचं दार. गिटारच्या बुडाशी, पट्टा अडकवायच्या खुंटीतच. जॅक.

ट्यूनर बंद करा. प्लग हळूच डावीकडे लोटा. उजवीकडे.

खर्र. आला. गेला.

हात तिथेच ठेवा. दुखतंय ते इथे.

आता केबल काढा. बॅटरी काढा. तारा सैल करा. जॅकचा नट फिरवून सोडवा, पोटातल्या भोकातून हात घाला आणि जॅक उजेडात आणा. वायरी ताणू नका.

पाहा.

तीन पाय आहेत. एकावरून आवाज बाहेर जातो. एक अर्थचा. तिसऱ्यावर बॅटरीची काळी वायर. प्लग आत शिरला की तो या तिसऱ्याला अर्थशी जोडतो आणि प्रीॲम्प चालू होतो. पाव इंचाचा हा प्लग 19व्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आला आहे. बायका दिवसभर बसून हेच प्लग घालायच्या, काढायच्या, दोन माणसं एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून.

पहिल्या पायाकडे या. आवाजाच्या.

सोल्डरचा थेंब करडा, मळकट. भिंग असेल तर भिंगातून पाहा. वायरच्या भोवती गोल, केसाएवढी चीर.

दात कोरायच्या काडीने वायरला हळूच स्पर्श करा. वायर हलते. थेंब हलत नाही.

ड्राय सोल्डर. कारागीर एवढंच म्हणतात.

नट जरासा सैल होता. केबल घालता-काढता जॅक दर वेळी थोडा फिरला, वायरीला पीळ बसत गेला. कुणी काही जोरात केलेलं नाही.

चिरेकडे पाहत राहा. आवाज इथवर येत होता.

खिडकी उघडा. गिटारवर जुना टॉवेल पसरा. सोल्डरिंग आयर्न तापू द्या.

टोक पायाला आणि वायरला एकदमच लागू द्या. थांबा. दोन्ही तापू द्या. सोल्डरची तार आता पायाला टेकवा.

वितळतं. पसरतं. चकाकतं.

टोक उचला. हलू नका.

कथिल-शिशाचं नेहमीचं 60-40 सोल्डर 183 अंशांना मऊ पडतं आणि 190 च्या आसपास पूर्ण पातळ होतं. निवताना तेवढ्याच टप्प्यातून ते परत जातं. त्या मधल्या क्षणी वायर हलली तर थेंब रवाळ बसतो आणि नवी चीर तिथूनच सुरू होते.

म्हणून श्वास हळू सोडा. मनगट टेबलाला टेकलेलं. नजर थेंबावर.

चकाकी किंचित मंदावते. गोठलं.

आणखी थोडं थांबा.

बुडाच्या भोकातून विणायची सुई आत घाला, पोटातून बाहेर काढा, तिच्यावर जॅक ओवा आणि सरकवत परत जागी आणा. आतून एका हाताने जॅक धरा. तो फिरता कामा नये. मग बाहेरून नट घट्ट करा.

बॅटरी. तारा. सूर. केबल.

सहावी छेडा. ऐका. पाचवी. चौथी. तिसरी.

दुसरी जरा मागे राहते का? ऐका पुन्हा. सॅडलचा तळ पट्टीवर सारखा टेकत नसेल. त्या कामाला वेगळी बैठक लागेल, तारा पुन्हा सोडाव्या लागतील. आज नको.

आज वाजवा. आणि उठताना केबल काढून ठेवा. प्लग आत आहे तोवर बॅटरी खर्च होत राहते.