पाय गार पडायलेत

माझा बाप आपल्या बीड जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मेला. मरणार होता हे तिथं तिघांना ठाऊक होतं. राऊंडच्या डॉक्टरला, सिस्टरला आणि झाडू मारणाऱ्या मावशीला. सांगितलं फक्त मावशीनं.

डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभा राहून दुसऱ्या डॉक्टरशी इंग्रजीत बोलला. आम्हाला म्हणाला, ‘क्रिटिकल आहे, मोठ्या दवाखान्यात न्या.’ मी कविता लिहितो, शब्दांशी झोंबतो, पण त्या एका शब्दापुढं गप्प झालो. जिनिंग मिलच्या शेठकडून उचल घेऊन गाडी ठरवायला निघालो. मावशीनं बापाच्या अंगावरली चादर सारली. ‘लेकरा, पाय बघ, गार पडायलेत. गुडघ्यावर निळं चढायलंय. गाडी कशाला करतूस? मायला बोलावून घे.’

मावशी कुठल्या कॉलेजात गेली नव्हती. ज्यांचा स्पर्श बाटवणारा ठरवला, त्यांच्याच वाट्याला या समाजानं मरणाऱ्याचं अंग पुसायचं काम दिलं. मग मरण आधी त्यांनाच कळणार! माणूस खायचं सोडतो, दिवसभर झोपतो, लघवी कमी होते. श्वास भरभर चालतो, मग थांबतो, आपण मोजत बसतो, पुन्हा सुरू होतो. गिळता न आलेली थुंकी घशात घरघरते. तिचा त्रास बहुधा ऐकणाऱ्यालाच जास्त. अशा वेळी बाटलीवर बाटली चढवली तर सूज येते, छातीत पाणी साठू शकतं. ओल्या कापसानं ओठ भिजवले तर बरं वाटतं.

पण थांबा. हाच सुरा आपल्यावरही फिरतो. म्हातारा, गरीब, खिसा रिकामा, मग ‘आता काही उरलं नाही’ म्हणून खाट रिकामी करायला कितीसा वेळ लागतो? पाय रक्त गेल्यावरही गार पडतात, अंगात जंतू पसरल्यावरही, आणि तसली माणसं उपचारानं उठून बसतात. म्हणून विचारायचं: हे परत फिरण्यासारखं आहे का? काय काय करून पाहिलं? उत्तर मराठीत मागायचं. मी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

अरुणा शानबाग मुंबईच्या केईएममध्ये 1973 पासून पडून होती. तिचं खाणं थांबवा, असा अर्ज 2011 साली सुप्रीम कोर्टानं फेटाळला आणि तिच्या वतीनं बोलायचा हक्क तिची सेवा करणाऱ्या केईएमच्या माणसांना दिला. हात लावणाऱ्यांचं ऐकलं! 2018 साली त्याच कोर्टानं सन्मानानं मरणं 21व्या कलमात बसवलं. उपचार कुठं थांबवायचे ते आधी लिहून ठेवता येतं. 2023 साली त्याची रीत सोपी केली. पण ज्याला तो मरतोय हेच कुणी सांगत नाही, त्यानं हा हक्क बजावायचा कसा? तथागतानं वैशालीला आनंदाला आपलं जाणं तीन महिने आधी सांगितलं. पुढं आनंद रडला तेव्हा जवळ बोलावून समजावलं. लपवलं मात्र नाही.

गाडी केली नाही. माय रात्रीच्या एसटीनं आली. बापानं तिला ओळखलं, कोयता कुठं ठेवला ते विचारलं. पहाटे गेला.

रातपाळीत कधी कधी वाटतं, गाडी केली असती तर? मावशीला विचारावं म्हणून पुन्हा तिथं गेलो. कंत्राट बदललं होतं, ती तिथं नव्हती.