भिंतीवरचा सदका

आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या कप्प्यात मुलांची चित्रे साठत जातात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांच्या सरावाचे कागद, पंधरा ऑगस्टसाठी केलेले फलक, बोरूने लिहिलेल्या खुशखतीचे नमुने. काही वर्षांपूर्वी कपाटाचे दार लागेनासे झाले, तेव्हा आम्ही तिघा-चौघा शिक्षकांनी एक विचार केला. मोहल्ल्यात एक धर्मादाय दवाखाना आहे. त्याच्या भिंती उघड्या आहेत. ही चित्रे तिथे का देऊ नयेत? भिंतीही सजतील, कपाटही रिकामे होईल आणि सवाबही मिळेल.

वाचकांनी या तीन फायद्यांचा क्रम पाहावा. आम्हीही तो पाहिला, पण फार उशिरा. या लेखात आम्ही जो प्रश्न मांडणार आहोत, तो या क्रमातूनच निर्माण झाला.

आमचे गाव यंत्रमागाचे. दवाखान्याच्या बाकांवर सकाळपासून माणसे बसलेली असतात. रात्रपाळी करून आलेले कामगार, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली तरुण मुले, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया. मुसलमान आहेत तसे हिंदूही आहेत, दलितही आहेत. दवाखाना चालवणाऱ्या समितीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना आम्ही चित्रांची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, "मास्टरसाहेब, इथे खोकल्याचे औषध महिन्याच्या वीस तारखेला संपते. तुम्ही चित्रे काय घेऊन बसलात?"

हा पहिला आक्षेप. तो खोटा नाही. भुकेल्याला भाकरीऐवजी भाकरीचे चित्र दिले, तर ते दान नव्हे, थट्टा आहे. म्हणून आधी हेच तपासले पाहिजे की आजारी माणसाला चित्राची गरज असते की नाही.

आपल्याच इतिहासाकडे पाहू. दमास्कसमध्ये नूरुद्दीन झंगीने ११५४ साली बीमारिस्तान उभारले. कैरोमध्ये सुलतान कलावूनने १२८४ साली त्याहून मोठे बांधले आणि त्याच्या खर्चासाठी मालमत्ता वक्फ केली. उस्मानी सुलतान दुसऱ्या बायझीदने एदिर्ने येथे १४८८ साली पूर्ण केलेल्या संकुलात मनोरुग्णांसाठी पाण्याचा आणि संगीताचा उपयोग होत असे. सतराव्या शतकातल्या एव्लिया चेलेबी या प्रवाशाने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. तिथे आज संग्रहालय आहे. या इमारतींतले कोरीव लाकूड, घुमटाखालचे कारंजे, दगडावरची नक्षी पाहिली की ध्यानात येते, ज्यांनी औषधासाठी वक्फ केला त्यांनी सौंदर्याला उधळपट्टी मानले नाही. रुग्णाला डोळे आहेत, कान आहेत आणि तो तासन्तास एकाच भिंतीकडे पाहत पडून असतो, हे त्यांना माहीत होते.

आधुनिक विज्ञानानेही याला थोडा आधार दिला आहे. रॉजर अल्रिच या संशोधकाने १९८४ साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयातील नोंदी प्रसिद्ध केल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधेही कमी तीव्रतेची पुरली. झाड म्हणजे चित्र नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. ४६ ही संख्याही लहान आहे. पण डोळ्यांसमोर काय आहे याचा शरीराशी काही संबंध असावा, एवढे तरी यावरून म्हणता येते. तेव्हा प्रश्न "औषध की चित्र" असा नाही. औषध आधी. पण औषधाच्या रांगेत बसलेल्या माणसाला दोन तास कशाकडे पाहायला लावायचे, हाही प्रश्नच आहे.

त्या बुजुर्गांनी मग दुसरी गोष्ट विचारली, "फ्रेमचे पैसे कुठले? जकातीचे तर नाहीत ना?" आम्ही चपापलो. जकातीचे हक्कदार सूरह तौबामध्ये ठरवून दिलेले आहेत, आठ प्रकारचे. गरिबाला त्या मालाचा मालक करावे लागते, असे हनफी फिकह सांगते. भिंतीवरच्या चौकटीचा मालक कोण गरीब? म्हणजे हा खर्च जकातीतून होऊ शकत नाही. तो आपल्या खिशातून, नफली सदका म्हणून करायचा. गरिबाच्या हक्काचा एक रुपयाही आमच्या हौसेच्या काचेत अडकता कामा नये, ही शिकवण आम्हाला त्या दिवशी मिळाली. फ्रेमचे पैसे आम्ही पगारातून काढले.

चित्रे निवडताना आणखी एक गोष्ट कळली. आमच्याकडे कुरआनच्या आयतींचे सुंदर नमुने होते. पण दवाखान्यात लोक जिन्याच्या कोपऱ्यात थुंकतात, ओल येऊन चौकटी पडतात. तिथे आयत लावून बेअदबीची जबाबदारी कोण घेणार? शिवाय दवाखाना सर्वांचा. म्हणून ठरले की नक्षी, पाने, पाणी आणि साधे शब्द असावेत. एका मुलाने नस्तालीकमध्ये 'सब्र' लिहिले आणि त्याखाली देवनागरीत 'धीर'. ती चौकट आजही नोंदणीच्या खिडकीशेजारी आहे.

इथपर्यंत सारे ठीक होते. पण निवड पुरी झाल्यावर आमच्यातल्याच एका सहकाऱ्याने विचारले, "जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी वेगळी काढलेली चार चित्रे यात का नाहीत?"

उत्तर सोपे होते आणि लाजिरवाणे होते. ती चांगली होती म्हणून. दवाखान्यासाठी आम्ही उरलेली निवडली होती. कपाट रिकामे करणे हा आमचा हेतू होता आणि त्याला आम्ही सदक्याचे नाव दिले होते. जुने कपडे, मुदत संपत आलेली औषधे, फाटकी पुस्तके आपण अशीच देतो. कुरआनमध्ये याविषयी स्पष्ट ताकीद आहे. जी वस्तू आपण स्वतः डोळेझाक केल्याशिवाय घेतली नसती, ती अल्लाहच्या वाटेत देऊ नये, असा तिचा आशय. आणि नेकी गाठायची तर जे प्रिय आहे त्यातून द्यावे लागते, हा दुसऱ्या एका आयतीचा आशय. ती आयत आल्यावर मदीनेतल्या अबू तल्हा यांनी आपली सर्वांत आवडती बाग, बैरुहा, देऊन टाकल्याची हकिकत हदीसमध्ये आहे. आम्ही मात्र बाग राखून पालापाचोळा वाटायला निघालो होतो.

मग आम्ही ती चार चित्रेही घेतली. आता तरी दान शुद्ध झाले, असे वाटले. इथेच आमची खरी चूक झाली.

त्या चारांपैकी एक चित्र नववीतल्या एका मुलीचे होते. एका रांगेत सहा खिडक्या. प्रत्येक खिडकीत पत्र्याच्या छपरावर उगवलेली चंद्रकोर. पहिल्या पाच खिडक्यांखाली खाट आहे. सहाव्या खिडकीखाली खाट रिकामी आहे आणि गच्चीवर पाठमोरी बाई कपडे वाळत घालते आहे. आम्ही त्याला ईदचे चित्र समजलो होतो. दवाखान्यात लावणार म्हणून तिला सांगितले, तेव्हा तिचा चेहरा उतरला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सर, ते अम्मीचं आहे."

तिच्या आईला क्षयरोग झाला होता. साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिने चालतो. सरकारी केंद्रात गोळ्या मोफत मिळतात. पण दीड-दोन महिन्यांत खोकला थांबला की माणूस गोळ्या सोडतो आणि आजार उलटतो. ही मुलगी दर महिन्याला चाँद दिसला की आईला सांगे, अजून इतके चाँद बाकी. सहा चाँद झाले, आई उठली. चित्र त्याचे होते. आम्ही त्याखाली मुलीचे नाव, इयत्ता आणि शाळेचे नाव सुबक अक्षरांत लिहून ठेवले होते. मोहल्ल्यातल्या दवाखान्यात ते नाव वाचून लोक काय बोलले असते, तिच्या मोठ्या बहिणीच्या सोयरिकीत कोणी काय विचारले असते, याचा आम्ही विचारच केला नव्हता.

बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की शिक्षणाच्या केंद्रस्थानी मूल असते. परीक्षेत आम्ही त्यावर दोन पाने लिहिली होती. आणि इथे मुलाने काढलेले चित्र कोणाचे, हा साधा प्रश्न आम्हाला पडला नाही. कागद शाळेचा, रंग शाळेचे, तास आमचा, म्हणून चित्र आमचे! दुसऱ्याच्या मालमत्तेतून केलेला सदका सदका ठरत नाही, हे आम्ही दीनियातच्या तासाला शिकवतो. मुलाची कमाई म्हणजे त्याचे चित्र, हे मात्र लक्षात आले नाही.

कायदाही कधी कधी असेच विसरतो. अमेरिकेत १९६९ च्या कर-कायद्यापासून चित्रकाराने स्वतःचे चित्र संस्थेला दिले, तर सवलत फक्त रंग-कागदाच्या खर्चाची मिळते. तेच चित्र विकत घेतलेल्या श्रीमंताने दिले, तर सवलत बाजारभावाने मिळू शकते. हाताचे मोल शून्य. आम्ही अमेरिकेला हसण्याचे कारण नाही. आम्हीही हाताचा हिशेब धरला नव्हता.

नावाचा प्रश्नही वाटला तितका सोपा नाही. दान गुप्त असावे, दिखावा नसावा, असे आपण म्हणतो. मग सगळ्याच मुलांची नावे पुसावीत का? तेही बरोबर नाही. ज्या मुलाने आयुष्यात प्रथमच काही दिले, त्याला आपले नाव भिंतीवर पाहून आनंद झाला, तर तो दिखावा नव्हे. दिखावा आमचा होता. आम्हाला शाळेचे नाव मोठ्या अक्षरांत हवे होते. नाव ठेवणे वा झाकणे हा देणाऱ्याचा हक्क आहे. मध्यस्थाचा नाही.

लंडनमध्ये कॅप्टन कोरम यांनी १७३९ साली टाकून दिलेल्या बालकांसाठी फाउंडलिंग हॉस्पिटल स्थापन केले. चित्रकार विल्यम होगार्थने त्याला आपली चित्रे दिली, इतर चित्रकारांकडूनही मिळवली. ती पाहायला धनिक येऊ लागले आणि संस्थेला मदत मिळाली. काम चांगलेच झाले. तरी एक शंका उरते. ती चित्रे मुलांसाठी होती की पाहुण्यांसाठी? आपल्याकडेही संस्थेला मिळालेले चित्र बहुधा अध्यक्षांच्या खुर्चीमागे जाते. रुग्णाच्या खाटेसमोर क्वचितच.

याउलट युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र पाहावे. युद्धानंतर मदत मिळालेल्या चेकोस्लोव्हाकियातल्या एका खेड्यातल्या सात वर्षांच्या मुलीने आभार म्हणून चित्र काढले. कागद नव्हता म्हणून ते काचेवर काढले होते. १९४९ मध्ये त्याचे कार्ड निघाले आणि त्या प्रथेतून पुढे असंख्य मुलांसाठी पैसा उभा राहिला. घेणारा हात देणारा झाला. देणारा हात घेणाऱ्या हातापेक्षा श्रेष्ठ, असे आपण ऐकत आलो आहोत. पण गरिबाच्या हातालाही कधी वर येण्याची संधी द्यावी, हे आपण क्वचितच मनावर घेतो. आम्हाला वाटते, कलादानाचे खरे महत्त्व इथे आहे. ज्याच्याकडे जकात देण्याइतका माल नाही, त्याच्याकडेही देण्यासारखे काही असते.

त्या मुलीला आम्ही चित्र परत केले. आठ दिवसांनी ती ते घेऊन आली. आईशी बोलून आली होती. म्हणाली, "द्या, पण नाव नको. आणि गोळ्या मिळतात त्या खोलीत लावा." तिथल्या आरोग्यसेविकेने चित्र पाहिले आणि म्हणाली, "गोळ्यांचा हिशेब कार्डावर राहील, चंद्र धीरासाठी राहू दे."

पुढे दोन-अडीच वर्षांनी आम्ही दवाखान्यात गेलो, तर ते चित्र जागेवर नव्हते. तिथे लसीकरणाचा तक्ता लागला होता. चित्र आतल्या खोलीत, औषधांच्या खोक्यांवर टेकवून ठेवलेले होते. आम्हाला राग आला. समितीला पत्र लिहायलाही बसलो. मग अबू तल्हांच्या हकिकतीचा उरलेला भाग आठवला. बाग दिल्यावर ती कुठे कशी वापरायची, हे त्यांनी पैगंबरांवर सोपवले होते. पैगंबरांनी ती त्यांच्याच नातेवाइकांत वाटायला सुचवले आणि त्यांनी तसे केले. दिलेल्या वस्तूवर हुकूम चालवायचा असेल, तर ती दिलेली नसते, उसनी ठेवलेली असते.

तरीही पत्र आम्ही लिहिलेच, कारण ते चित्र आमचे नव्हते. तक्ता काढा असे लिहिले नाही. एवढेच विचारले की जागा नसेल तर चित्र त्या मुलीकडे परत पाठवू का? उत्तर आले नाही. पण पुढच्या खेपेला चित्र बाकांसमोरच्या भिंतीवर होते.

आता दरवर्षी कपाट उघडण्याआधी आम्ही मुलांना विचारतो. कोण देणार, नावासह की नावाशिवाय, कुठे लावलेले चालेल. काही मुले 'नाही' म्हणतात. त्यांची चित्रे ती घरी नेतात. कधी कधी सर्वांत चांगली चित्रे अशी निघून जातात आणि दवाखान्यासाठी मध्यमच उरतात. अबू तल्हांची कसोटी लावली तर हे दान उणे पडते. पण ती कसोटी देणाऱ्याने स्वतःला लावायची असते, आम्ही मुलांना लावायची नसते. आमच्यापुरती ती लावायची, तर आमच्याकडे देण्यासारखे प्रिय काय आहे, हा प्रश्न उरतो. फ्रेमचे पैसे देऊन तो सुटत नाही.