आधी उघडलेली खाती

प्रोग्राम चालू आहे. तो न थांबवता त्यातला एक तुकडा बदलायचा, फाइल सेव्ह करायची, आणि पुढच्या क्षणापासून त्याने नव्या रीतीने वागायचं. कोड लिहिणाऱ्यांना ही सोय फार प्रिय असते. मोठा डेटा एकदा मेमरीत आणून ठेवला की पुन्हा आणायला नको. चूक दिसली, दुरुस्त केली, लगेच करून पाहिली. विचार तुटत नाही. कामात जीव रमतो तो अशाच वेळी.

पण ही दुरुस्ती नेमकी कुठवर पोचते, हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे.

समजा, पायथनमध्ये बँकेच्या खात्यासाठी एक क्लास लिहिला. त्यावरून एक खातं उघडलं. मग लक्षात आलं की व्याजाचं सूत्र चुकलंय. फाइल दुरुस्त केली आणि ती पुन्हा वाचून घेणारा इम्पोर्टलिबचा रीलोड चालवला. आता नवं खातं उघडलं तर त्याचं व्याज बरोबर येतं. आधी उघडलेलं खातं मात्र जुन्याच सूत्राने व्याज काढत राहतं. इतकंच नव्हे, ते खातं या क्लासचं आहे का असं विचारलं, तर पायथन नाही म्हणतो. कारण साधं आहे. रीलोड जुन्या क्लासला हात लावत नाही. तो शेजारी दुसरा क्लास घडवतो आणि नाव उचलून त्याला देतो. जुन्या खात्याने नावाचं बोट धरलेलं नव्हतं, क्लासचं धरलेलं होतं. ते सुटत नाही.

उलटंही घडतं. फाइलमधून एखादं फंक्शन पुसलं आणि रीलोड केलं, तरी ते मेमरीत राहतं. हाक मारली तर ओ देतं. मॉड्यूलमधली जुनी नावं रीलोड काढून टाकत नाही. नव्या मजकुरात जी पुन्हा येतात तेवढीच बदलतात. ज्युपिटर नोटबुकात तर हे रोजचंच. वरचा सेल पुसला, त्यात तयार झालेलं व्हेरिएबल राहिलं, आणि खालचं सगळं गणित त्याच्या आधारावर बिनबोभाट चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नल नव्याने सुरू करून सगळे सेल ओळीने चालवले की ते नावच सापडत नाही. काल संध्याकाळचं उत्तर खोटं नव्हतं. ते पडद्यावर उरलेल्या मजकुराचं उत्तर नव्हतं, एवढंच.

आज पहिल्यापासून सुरुवात केली तर काय होईल, हे लिहिलेला कोड सांगतो. चालत्या प्रोग्राममध्ये आजवर घडलेलं सगळं असतं, घडलं त्या क्रमाने.

आयपायथनमधलं ऑटोरीलोड यातलं बरंच सांभाळून घेतं. जुन्या फंक्शनांच्या आतच ते नवा कोड नेऊन बसवतं. मग आधी उघडलेलं खातंही नव्या सूत्राने चालू लागतं. वागणं बदलतं. पण खातं उघडताना एकदाच भरलेली माहिती, ती तशीच राहते.

एर्लांग या भाषेने या प्रश्नाकडे फार समजुतीने पाहिलं आहे, असं मला वाटतं. १९८६ च्या सुमारास एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजच्या कामासाठी तिची जडणघडण सुरू झाली. दोन माणसं बोलत असताना फोन तोडून चालणार नव्हतं. म्हणून तिथे एका मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी नांदू शकतात, चालू आणि जुनी. जुन्या कोडमध्ये असलेली प्रोसेस हातातलं काम करत राहते. मॉड्यूलचं पूर्ण नाव घेऊन तिने पुढचं फंक्शन बोलावलं, की त्या पावलाला ती नव्या कोडमध्ये जाते. तिला कोणी मधूनच ओढून नेत नाही. पण ही मुभा कायमची नाही. तिसरी आवृत्ती आली की सर्वांत जुनीत रेंगाळलेल्या प्रोसेस बंद केल्या जातात.

कॉमन लिस्प आणखी खोलात शिरते. क्लासची व्याख्या बदलली, की आधीचे ऑब्जेक्टही नव्या घडणीत येतात. त्यांच्यातल्या माहितीच्या कप्प्याला पुन्हा हात लागण्याआधी हे झालेलं असतं. नाव टिकलेल्या कप्प्यातली किंमत टिकते. जे कप्पे काढून टाकले, त्यांतल्या किमतीही प्रोग्रामरच्या हाती एकदा दिल्या जातात, काही जपायचं असेल तर जपून घे म्हणून. हा बारकावा मला फार आवडतो.

आता खात्यात एक नवा कप्पा जोडला, खातं उघडल्याच्या तारखेचा. यापुढच्या खात्यांत ती उघडतानाच भरता येईल. आधीच्या खात्यांनाही कप्पा मिळाला. पण त्यात घालायचं काय? त्या दिवशी तारीख कोणी टिपूनच ठेवली नव्हती. कितीही हुशार रीलोड असो, तो जागा देऊ शकतो, तारीख देऊ शकत नाही.

डिफॉल्ट म्हणून आजची तारीख ठेवली तर कुठे काही अडत नाही. जुनं प्रत्येक खातं मात्र आजच उघडलेलं ठरतं, आणि पुढची सगळी गणितं त्यावर निमूटपणे होत जातात. डिफॉल्ट दिलाच नाही, तर लिस्प तो कप्पा रिकामा ठेवते, आणि कोणी वाचायला गेलं की चूक दाखवून थांबते. मला हे थांबणंच बरं वाटतं. काम खोळंबतं खरं. पण खोळंबलं म्हणजे कोणाला तरी खातेदाराकडे जाऊन त्याचं पहिलं पासबुक मागावं लागतं.