फ्रेंच शिकून काय करणार?



मागल्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात एक हसण्याची गोष्ट घडली. हसताना बरं वाटलं, घरी जाताना वाटलं नाही. म्हणून लिहितो.

आमच्या परळच्या चाळीतली एक पोरगी. बाप वारलेला. आई दादरला हिंदू कॉलनीत तीन घरची धुणीभांडी करते. पोरगी म्युनिसिपालटीच्या शाळेत मराठीतून शिकली, आता कलिन्याला विद्यापीठात एम.ए. करते. वर्गात नव्या लोकांची ओळख चालली होती. विषय विचारला तर म्हणाली, "फ्रेंच. भाषा आणि साहित्य." सगळे गप्प. मग मागून कुणीतरी टाकलं, "फ्रेंच शिकून काय करणार? नळावर कुणाशी बोलणार?" हशा पिकला. मीही हसलो. ती एवढंच म्हणाली, "दादा, मला आवडतं."

हा शब्द आपल्या वस्तीत शिक्षणाला लावलेला मी कधी ऐकला नव्हता. आपल्यात शिक्षण म्हंजे लढाई, शिक्षण म्हंजे नोकरी. वकील हो, इंजिनिअर हो, एमपीएससी दे. आवडीनं शिकणं ही मलबार हिलवाल्यांची चैन. त्यांची पोरं अकरावीला मराठी टाकून फ्रेंच घेतात, मार्क पडतात म्हणून, आणि पुढं विसरतात. त्यांना कुणी विचारत नाही, काय करणार? हिशेब मागायचा तो आपल्या पोरीकडं. आणि मागणारे कोण, तर आपणच.

आता मी कोण बोलणारा, तेही सांगतो. दहावीनंतर गिरणीला लागलो, त्रासन खात्यात, बदली म्हणून. मार्च २०२० च्या लॉकडाऊनला चात्या थांबल्या त्या आमच्यासाठी थांबल्याच. तेव्हापासून कागदावर गिरणी कामगार आणि पोटासाठी मिळेल ते. पण त्रासन खातंच का? तर माझा पणजा त्याच खात्यात होता. त्याच्या काळी साचा खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपलं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. साच्यावर पगार जास्त, म्हणून हा बाट पगाराचाही होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला, तेव्हा कुठं तो मागण्यांत आला.

भाषासुद्धा तोंडानंच शिकतात. कुणाच्या तोंडाला कोणता धागा लागावा हे ठरवणारे आधी ते होते. त्या रविवारी आपण होतो. पोरी, हे खातं तुझं नव्हे.

बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत घ्यायचं होतं. घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढं स्वतः शिकले. हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण पुढचं पान आपण उलटत नाही. कोलंबियाला १९१३ ते १९१६ मध्ये त्यांनी अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र असे ढिगानं कोर्स केले, त्यांत प्राथमिक फ्रेंचचा एक होता आणि जर्मनचा एक. महाडला २५ डिसेंबर १९२७ च्या परिषदेत त्यांनी आपल्या फाटक्या माणसांच्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रसभेशी केली. आणि १९५४ मध्ये रेडिओवर सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी आणलेली नाही, माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतली आहे. मला यात एक गोष्ट दिसते. ज्याला त्यांचं घर आतून माहीत आहे, त्यालाच ठासून सांगता येतं की ही वस्तू तुमच्या घरची नाही.

आपला एक जुना कार्यकर्ता मित्र, नाव घेत नाही, त्याच्याशी नायगावच्या नाक्यावर रात्री दोन तास भांडलो. तो म्हणाला, "सीट राखीव, स्कॉलरशिप लोकांच्या लाठ्या खाण्यातून आलेली. गावात पोरं मारली जातात, केस लढायला आपला वकील मिळत नाही. आणि ही बोदलेर वाचणार? बाबासाहेब १९५६ मध्ये आग्र्याला काय बोलले ते विसरलास?" विसरलो नव्हतो. शिकलेल्या लोकांनी मला दगा दिला, ही त्यांची खंत आठवली की आजही मान खाली जाते. मित्राचं म्हणणं खोटं नाही. पण दगा दिला तो कुणी? स्वतःचं पोट भरून वस्तीकडं पाठ फिरवणाऱ्यांनी. ते सगळे काय फ्रेंच शिकले होते? वकिली शिकून पळालेले मी दहा दाखवतो, ह्याच नाक्यावरून. बी.ए. मराठी करून आडनाव बदललेले दाखवतो.

मग मी मुद्दा जिंकायच्या हट्टानं त्या पोरीकडूनच माहिती काढली, आणि थक्क झालो. दया पवारांचं 'बलुतं' आलं १९७८ मध्ये. ते फ्रेंचमध्ये गेलं १९९० मध्ये. इंग्रजीत कधी? २०१५! बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' फ्रेंचमध्ये १९९१ ला, इंग्रजीत २००८ ला. म्हंजे आपला कावाखाना पॅरिसच्या माणसानं वाचला तेव्हा आपल्याच शहरातल्या इंग्रजी वाचणाऱ्याला तो इंग्रजीत मिळत नव्हता. हे दोन्ही अनुवाद गी पॉइत्वाँ या फ्रेंच माणसाचे. तो १९७२ मध्ये पुण्याला आला, मराठी शिकला, इथलाच झाला आणि २००४ मध्ये गेला. हेमाताई राईरकरांच्या साथीनं त्यानं खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या घरात. त्याला कुणी विचारलं असेल का, मराठी शिकून काय करणार?

त्या पोरीनं आणखी एक दाखवलं. फ्रेंच 'बलुतं'च्या पुस्तकावर बलुतं हा शब्दच नाही. नाव आहे 'माझं अस्पृश्याचं आयुष्य' अशा अर्थाचं. गावानं कामाच्या बदल्यात टाकलेला तुकडा, त्यातला हक्क आणि त्यातली लाचारी, सगळं त्या एका शब्दात होतं. ते गेलं आणि उरली जात. अनुवाद करणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, तिकडं बलुतं कुणाला कळणार? पण नाव ठरताना त्या टेबलाशी आपलं कुणी असतं तर निदान वाद झाला असता. आणि फ्रेंच शब्दकोशात 'पारिया' म्हणून एक शब्द आहे. अर्थ, वाळीत टाकलेला. तो तमिळ मुलखातल्या परैयर जातीच्या नावावरून गेलेला. फ्रेंच लेखकांनी पारियावर गोष्टी रचल्या, १८२१ मध्ये पॅरिसला नाटकसुद्धा झालं. आपला माणूस त्या भाषेत दोनशे वर्षांपूर्वीच जाऊन बसलाय, शिवी होऊन. ती म्हणाली, "पहिल्या वर्षी हा शब्द सापडला तेव्हा मी कोश मिटून ठेवला. दुसऱ्या दिवशी परत उघडला."

हे सगळं घेऊन मी नाक्यावर गेलो. बघ, उपयोग आहे की नाही? मित्र गप्प झाला. मला फार आनंद झाला आणि चाळीचा जिना चढताना तो उतरला. मी केलं काय? तिनं सांगितलं होतं, मला आवडतं. मी तिला पुन्हा कामाला लावून आलो. तू समाजाची अनुवादक हो, तर तुझं फ्रेंच माफ. उद्या तिनं आपली एक ओळही भाषांतर केली नाही, नुसत्या त्यांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या वाचल्या, तर? तर तिचा हक्क कमी होतो का? मला वाटतं, नाही होत. माणूस म्हणून जगायचं म्हणतो ना आपण, मग माणसाला काही गोष्टी नुसत्या आवडतातच. माझ्या कवितेचा तरी उपयोग कुणी विचारला होता? विचारला असता तर मी शाई फासली असती त्याला.

धोका आहे, तो झाकत नाही. फ्रान्झ फॅनन हा मार्टिनिकचा काळा डॉक्टर. त्याच्या १९५२ च्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण भाषेवर आहे. फ्रान्सहून बेटावर परतलेला माणूस फक्त फ्रेंच झाडतो, घरच्या बोलीत बोलायला लाजतो, असं त्यानं दाखवलंय. आपल्याकडं त्यासाठी फ्रान्सला जावं लागत नाही. ठाण्याला फ्लॅट घेतला तरी पुरतं.

पण ह्या पोरीचं मी डोळ्यांनी पाहिलं. गेल्या पावसात रोज रात्री लाईट गेली की ती गॅलरीत झोलाची 'जर्मिनाल' मराठीत सांगायची. १८८५ चं पुस्तक. उत्तर फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणी, कंपनी मजुरीत काट मारते, संप होतो, उपासमार, मग सैनिक गोळ्या घालतात. आमचे आबा बाकड्यावर बसून ऐकत. आबा १८ जानेवारी १९८२ च्या संपातले, त्यानंतर गिरणीनं त्यांना कधी परत घेतलंच नाही. पोरीनं सांगितलं, दुकानदार उधार बंद करतो. आबा म्हणाले, "आमच्या लालबागच्या वाण्यानं पण केलं होतं." शेवटच्या रात्री त्यांनी विचारलं, "मग परत गेले का कामावर?" ती म्हणाली, "गेले आबा. हरून गेले." आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांना घेतलं तरी परत." आणि आत जाऊन पडले.

येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता अभ्यासवर्गात ती फॅनन सांगणार आहे. मी मागल्या वेळच्या हसण्याबद्दल तिची माफी मागणार आहे, सर्वांसमोर. बाकीच्यांनी आपापलं ठरवावं. चटया कमी आहेत, घरून आणा.