धीर कुणी कुणाला द्यायचा?

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्हा भूकंपाने हादरला. तीव्रता ४.५. अकरा मिनिटांनी दुसरा धक्का आला, ३.६ चा. मग १० जुलैला पुन्हा ४.५. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांना हे अगदीच नवे नव्हते. तिथे कित्येक वर्षांपासून जमिनीतून आवाज येतात, माणसे घराबाहेर धावतात आणि थोड्या वेळाने परत आत जातात. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने एक साधे आवाहन केले: पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या.

सूचना बरोबरच होती. पण तो दगड तिथे हौसेने ठेवलेला नसतो. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात म्हणून तो ठेवलेला असतो. भूकंपाच्या भीतीने दगड उतरवला की वाऱ्याची भीती उघडी पडते, आणि पत्रे नीट आवळून घ्यायचे तर मिस्त्री लागतो, पैसे लागतात. संकटात माणसाने खंबीर राहावे असे आपण सगळेच सांगतो. त्या खंबीरपणाचा खर्च कुणी उचलायचा, हे मात्र क्वचित ठरवतो. या खर्चाचा हिशेब आपल्या समाजात कसा बदलत गेला, ते मला इथे मांडायचे आहे.

सगळ्यात जुने उत्तर मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेत सापडते. दुष्काळात बादशहाचे धान्यकोठार लोकांना खुले करणारा अधिकारी, आणि त्याच्या वतीने विठू महाराच्या रूपात दरबारी रक्कम भरणारा विठोबा. कीर्तनांतून ही कथा मराठी मनात खोल रुजली. तिच्यात वाचवणारा एक माणूस आहे आणि त्याला तारणारा देव आहे. ज्यांच्या पोटात अन्न पडले ती माणसे मात्र निनावी राहतात. कोठारावर त्यांचा काही हक्क आहे, हा विचार कथेत येत नाही. पुढे १८७६–७८ च्या दुष्काळानंतर इंग्रजी मुलखात दुष्काळाच्या नियमसंहिता आल्या आणि दयेच्या जागी कलमे आली. हिंगोली मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात, लष्करी छावणीचे गाव होती.

खरा पालट झाला तो १९७२ च्या दुष्काळात. त्याआधी काही वर्षे वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात एक कल्पना करून पाहिली होती: जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यावे. दुष्काळ पडला आणि ती कल्पना राज्यभर पसरली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी यांची चव मराठवाड्यातले म्हातारे आजही सांगतात. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि या योजनेच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर त्याआधीच व्यवसाय कर बसला होता.

या कराचे मोल मला फार मोठे वाटते. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून दरमहा कापला जाणारा छोटा आकडा मराठवाड्यात कळमनुरीतल्या मजूर बाईच्या हजेरीपटाशी जोडला गेला. दोघांची ओळख नव्हती, व्हायचीही नव्हती. तरीही एकाने दुसऱ्याला उभे धरले होते, आणि ते उपकार म्हणून नव्हते. शिवाय कामावर माणूस एकटा नसे. भूक होती, उन्हाचा तडाखा होता, मजुरी वेळेवर न मिळाल्याची भांडणे होती. पण सगळ्यांची भूक एकाच ठिकाणी, एकमेकांच्या डोळ्यांसमोर होती. घरात बसून एकट्याने सोसलेली टंचाई आणि हजार माणसांत सोसलेली टंचाई यांत फार अंतर आहे. मनाच्या आरोग्याचा शब्दही न काढता रोजगार हमीने मनाचे मोठे काम केले, असे मी मानतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते, माणसे दमून झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली दगडमातीची, जड माळवदाची घरे झोपेतच अंगावर आली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. सरकार हलले, जगभरातून मदत आली, आणि बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली.

नवी गावे सरळ रस्त्यांची, आखीव प्लॉटांची झाली. घरे भक्कम होती. पण जुन्या गावात भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी आता दूरदूर गेले. ओसरीवरून ओसरीवर होणारे बोलणे बंद पडले. त्या वेळच्या अनुभवातून पुनर्वसनाचा विचार करणाऱ्यांना एक गोष्ट कळली, की घर आणि गाव या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दोन्ही पुन्हा बांधाव्या लागतात.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रवासातली ती सर्वांत मोलाची. ज्या गावांत घरे पडली नव्हती पण दुरुस्तीची गरज होती, तिथे सरकारने शेकडो गावांतून बायकांची ‘संवाद सहायक’ म्हणून नेमणूक केली. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्या कामाला आकार दिला. या बायका घरोघर जाऊन अनुदान कसे मिळते, भिंतीत काय घालायचे, अभियंत्याला काय विचारायचे हे सांगू लागल्या. मदत घेणारी व्यक्ती आणि मदत पोचवणारी व्यक्ती एकच असू शकते, हे दामाजीच्या कथेत नव्हते आणि रोजगार हमीच्या हजेरीपटातही नव्हते.

नव्वदीच्या अखेरीपासून मात्र संकटाचे रूपच पालटले. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, आणि त्याच सुमारास विदर्भ-मराठवाड्यातून शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या रोज येऊ लागल्या. दुष्काळ सगळ्या गावावर येतो. कर्ज एका घरावर येते, आणि ते घर दार लावून घेते. २०१५ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यांत हिंगोली होता. आशा कार्यकर्तीने घरोघर प्रश्नावली घेऊन जायचे, कुणाची झोप उडाली आहे, कोण गप्प झाला आहे हे टिपायचे आणि गरज असेल त्याला उपचारापर्यंत न्यायचे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांकही आहे. त्यावर मराठीत बोलता येते.

हे पाऊल आवश्यक होते, आणि उशिरा का होईना पडले. दुःखाला उपचार असतो, ते सांगण्यात कमीपणा नाही, ही गोष्ट गावात पोचणे हेच मोठे आहे. माझी काळजी वेगळी आहे. धीर ही आता प्रत्येकाने आपापल्या मनात तयार करायची गोष्ट होत चालली आहे. रोजगार हमीने विचारले होते, तुला काम हवे का. प्रश्नावली विचारते, तुला झोप लागते का. दोन्ही प्रश्न हवेत. पण पहिला प्रश्न मागे पडून दुसराच उरला, तर ज्याच्या सोयाबीनला भाव मिळाला नाही त्याने मनही आपणच सावरायचे, असा अर्थ होतो.

आणि हा भाव हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावात ठरत नाही. २०२१ मध्ये काही बाजारांत दहा हजारांवर गेलेले सोयाबीन २०२४ मध्ये ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकावे लागत होते. मधल्या काळात युक्रेनचे युद्ध झाले, खते महागली, इंडोनेशियाने एप्रिल २०२२ मध्ये पामतेलाची निर्यात थांबवली आणि महिन्याभरात पुन्हा सुरू केली, आयातशुल्के वरखाली झाली. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्याच दिवसांत अतिवृष्टीने कयाधू नदीचे पाणी शेतांत शिरले. जगाचे संकट हिंगोलीत वेगळे नाव घेऊन येत नाही. ते नापिकी, हप्ता आणि लग्न लांबणे याच नावांनी येते.

२०२३ च्या अखेरीस सेनगाव तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विकायला काढल्याचे जाहीर केले. बातमी वाचून अंगावर काटा आला. तरी तिच्यात एक गोष्ट मला दिसली: त्या माणसांनी आपले कर्ज एकत्र येऊन, मोठ्याने, सगळ्या महाराष्ट्रासमोर सांगितले. लाज दाराच्या आत ठेवली नाही. तसे सांगायला इतकी टोकाची भाषा लागावी, याचा दोष ऐकणाऱ्यांकडे जातो.

करोनाने तर एकत्र येण्यावरच घाव घातला. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये मालेगाव आणि मुंबईचा बंदोबस्त करून परतलेले राज्य राखीव पोलीस दलाचे जवान बाधित निघाले आणि हिंगोली शहर एकाएकी बातम्यांत आले. औंढ्याच्या नागनाथ मंदिराचे दार बंद झाले. नर्सीहून पंढरपूरला जाणारी नामदेवांची पायी दिंडी थांबली. शेकडो वर्षे माणसांनी दुःखात जे केले, म्हणजे एकमेकांकडे जाणे, तेच नेमके करायचे नव्हते. अंत्ययात्रेत खांदा देता न आलेल्या घरांचे दुःख अजून संपलेले नाही, आणि त्याची चौकशी कुठल्या प्रश्नावलीत झाली नाही.

नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव. या जिल्ह्यात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. ज्याने सप्ताह जवळून पाहिला आहे त्याला ठाऊक असते, की त्याची खरी ताकद यादीत असते. वर्गणी कुणाकडून किती, पहाटे दोन ते चारचा पहारा कुणाचा, महाराजांना आणायचे कुणी, काल्याच्या दिवशी चुलाण्यावर कोण. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही, म्हणून रात्रीच्या गाढ झोपेतून माणसे उठून येतात आणि दुसऱ्याच्या खांद्यावरची वीणा आपल्या गळ्यात घेतात. संकट नसताना केलेला हा सराव आहे. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाचा मुलगा गावाबाहेर अडकला आहे, हे त्या यादीवाल्यांना आशाताईइतकेच माहीत असते.

याचा गोडवा गाताना एक सत्य सांगितलेच पाहिजे. गावाची एकी ही नेहमीच सगळ्या गावाची नव्हती. सावड आणि इर्जिक, म्हणजे एकमेकांच्या शेतात राबण्याची रीत, ज्यांच्याकडे बैल होते त्यांच्यात चालली. भूमिहीन, पारधी, दलित वस्ती, एकट्या राहणाऱ्या बायका, तांड्यावरची म्हातारी माणसे यांची नावे यादीत किती वेळा होती? म्हणून जुन्या गावाकडे परत जा, असे मला म्हणायचे नाही. कायद्याने दिलेला कामाचा हक्क, शहराने भरलेला कर, आरोग्य केंद्रातला डॉक्टर, हे सगळे हवेच. आशाताईंना मोबदल्यासाठी पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावे लागते. ज्यांच्यावर गावाचा धीर सोपवला त्यांनाच वेळेवर पैसे नाहीत, ही गोष्ट मला अजिबात पटत नाही.

पण या व्यवस्थेला गावातले तोंड हवे, आणि ते शक्यतो सोसलेल्या माणसाचे हवे. २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या लातूर-उस्मानाबादकडच्या बायका गुजरातला गेल्या. पुढे त्सुनामीनंतर तमिळनाडूपर्यंत हा अनुभव पोचला. त्यांच्याकडे द्यायला पैसे नव्हते. घर पुन्हा बांधताना कुठे फसवणूक होते, अनुदानाचा दुसरा हप्ता कशासाठी अडतो, मुले रात्री दचकून उठली तर किती दिवस उठतात, एवढे त्यांना ठाऊक होते. त्यांतल्या बऱ्याच जणी आज साठीच्या पुढे असतील. किल्लारीहून वसमतला एका दिवसात येता येते. जिल्हा प्रशासनाने किंवा पांगरा शिंदेच्या ग्रामपंचायतीने त्यांना एकदा बोलवावे, गाडीभाडे आणि दिवसाचा मोबदला द्यावा, आणि गावातल्या बायकांसोबत चार दिवस राहू द्यावे.