रंगाखालची ओल

घर विकायचे ठरले की पहिल्यांदा रंगारी बोलावला जातो. आम्हीही बोलावला. घर नीटनेटके करून दाखवण्यात गैर काहीच नाही. पाहुणे येणार म्हणून आपण घर आवरतोच ना! पण आमच्या मागच्या खोलीची भिंत दर पावसाळ्यात ओल धरायची. एजंट म्हणाला, "पुट्टी मारा अन् मे महिन्यातच दाखवा. कोणाला कळतंय?"

गिऱ्हाइकाने विचारलेच नाही, तर आपण होऊन सांगायचे का? यावर आम्हा नवराबायकोचे दोन रात्री बोलणे झाले. खोटे तर आपण बोलत नव्हतो! पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम वाचनात आले. विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष लपवणे, म्हणजे नुसते गप्प राहणेसुद्धा, कायद्याच्या लेखी फसवणूकच आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, आधी गळती काढा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच रंग लावा. नाहीतर रंगाचेही पैसे पाण्यात. जे दुरुस्त होणार नाही ते टोकन घेण्यापूर्वी सांगा आणि करारात लिहा. मेंटेनन्स व घरपट्टीच्या पावत्याही हाताशी ठेवा.

आमचे घर पाहायला तान्ह्या बाळाला घेऊन एक जोडपे आले. पाळणा कुठे टांगायचा, हे ती दोघे नेमकी त्याच खोलीत ठरवू लागली. आम्ही ओलीचे सांगितले. त्यांनी ५० हजार कमी करायला सांगितले. आम्ही केले, थोडे कुरकुरतच.