ज्याला तळ्यात सोडणारे कोणी नाही



११ फेब्रुवारी हा लूर्द मातेचा सण. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९२ साली हाच दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून ठरवून दिला आणि १९९३ पासून ख्रिस्तसभा तो पाळत आली आहे. त्या निमित्ताने आपण एका प्रश्नाचे मनन करू या. औषध थोडे आणि गरजू पुष्कळ असतील, तर आधी कोणाला द्यावे?

हा प्रश्न केवळ पुस्तकातला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने आपल्या अमरावती विभागात डोके वर काढले, तेव्हा तो आपल्या नांदुऱ्याच्याही दाराशी उभा होता. १६ जानेवारीपासून लस देणे सुरू झाले होते. पण ती सर्वांना एकदम पुरणारी नव्हती. म्हणून क्रम लावला गेला. आधी डॉक्टर, परिचारिका, आशाताई आणि दवाखान्यातील इतर सेवक. मग पोलीस व सफाई कामगार. १ मार्चपासून साठीपुढचे वृद्ध आणि ४५ वर्षांपुढचे व्याधिग्रस्त. १ एप्रिलपासून ४५ पुढचे सर्व. १ मेपासून १८ वर्षांपुढचे सर्व.

कोणी विचारील, घर चालवणारा कमावता मुलगा मागे आणि खाटेवरचा म्हातारा पुढे, हा कुठला न्याय? इंडोनेशियाने आरंभी १८ ते ५९ वयाच्या लोकांनाच आधी लस दिली. त्यामागे वृद्धांवरील चाचण्यांची अपुरी माहिती हे एक कारण होते, तसेच कमावत्या हातांना वाचवण्याचा विचारही होता. ही चिंता खोटी नाही. पण माणसाचे मोल त्याच्या कमाईवर ठरत नाही. तो देवाच्या प्रतिमेचा आहे म्हणून तो मोलाचा आहे. ज्याच्या जिवाला धोका अधिक, त्याचा हात आधी धरायचा. मग परिचारिका पहिली का? तिचा जीव इतरांपेक्षा मोठा म्हणून नव्हे, तर ती उभी राहिली तरच रुग्णांची सेवा होणार म्हणून. दिल्लीच्या एम्समध्ये त्या पहिल्या दिवशी पहिली लस एका सफाई कामगाराला मिळाली. सेवा पाहिली गेली, पद नव्हे.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी हाच भेद शिकवला आहे. विद्या पाहून एखाद्याला शिक्षक नेमणे हा न्याय; तो श्रीमंत आहे किंवा आपला नातलग आहे म्हणून नेमणे हे पाप. आपल्या भाषेत ह्याला पंक्तिप्रपंच म्हणतात. पंगतीत लहान मुलाला आधी वाढले तर कोणी रागावत नाही. पण पाटलाच्या ताटात तूप आणि कोपऱ्यातल्याला कोरडा भात, हे सर्वांना कळते.

आता संत योहानाच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय आठवा. बेथेस्दाच्या तळ्याकाठी एक मनुष्य ३८ वर्षे आजारी होता. पाणी हालले की जो आधी उतरेल तो बरा होतो, असा तेथील लोकांचा विश्वास. ह्याला उचलून नेणारे कोणी नव्हते. तो सरपटत जाईपर्यंत दुसराच उतरलेला असे. ‘जो आधी येईल त्याला’ हा नियम वरून किती सरळ दिसतो! पण धावणारा आणि लंगडा ह्यांची ती शर्यत असते. मे २०२१ मध्ये तरुणांसाठी मोबाईलवर नोंदणी सक्तीची होती, तेव्हा हेच घडले. चांगला फोन आणि चपळ बोटे असलेल्यांनी शहरात बसून खेड्यांतल्या केंद्रांवरील जागा पटकावल्या. गावचा मजूर पाहत राहिला. पुढे २४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणीची मुभा मिळाली. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही ह्या डिजिटल दरीवर बोट ठेवले.

त्याच महिन्यात महाराष्ट्राने १८ ते ४४ वयाच्या लोकांचे लसीकरण थांबवून साठा ४५ पुढच्यांच्या दुसऱ्या मात्रेसाठी वळवला. कितीतरी तरुणांना थांबावे लागले. न्याय म्हणजे कोणाला तरी थांबावे लागतेच. ते थांबणे प्रेमाने स्वीकारले तर तो त्याग ठरतो. व्हॅटिकनमध्ये जानेवारी २०२१ मध्येच बेघर माणसांना लस दिली गेली. लस घेणे हे प्रेमाचे कृत्य आहे, असे दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी त्या वर्षी सांगितले होते.

साथ ओसरली, पण तळे अजून आहे. उन्हाळ्यात टँकर येतो, तेव्हा ज्या घरात हात अधिक त्यांचे हंडे आधी भरतात आणि एकटी म्हातारी रिकामी घागर घेऊन परतते. दवाखान्याच्या रांगेत ओळखीचा माणूस मागच्या दाराने आत जातो. तेव्हा आपण कोठे उभे असतो?

ह्या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने शेजारपाजारचा असा एक मनुष्य शोधावा, ज्याला उचलून नेणारे कोणी नाही. तो कोणत्या धर्माचा वा जातीचा, हे विचारू नये. त्याला दवाखान्यात न्यावे, त्याचे औषध आणून द्यावे, रांगेत आपली जागा त्याला द्यावी. प्रभू येशूने त्या तळ्याकाठच्या गर्दीतून नेमका त्यालाच शोधून काढले. प्रभूची दृष्टी आपल्यालाही लाभो, हीच लूर्द मातेच्या चरणी प्रार्थना. आमेन.